शंकेचा पॉइंट

नाना, आपल्या कोर्टावर आता केळीचे ट्रक उभे राहतात. परवा आपल्या गावच्या लालबागेतून पाय मोकळे करत त्या बाजूला गेलो, तर बहादरपूरकडून आलेल्या दोन गाड्या मधोमध लावलेल्या, आणि तुमची बेसलाइन असायची तिथं एक ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून चहा उकळत बसलेला. "बाबूजी, किसको ढूंढ रहे हो?" त्यानं विचारलं. कुणाला नाही, म्हटलं, आणि घरी आलो. सूनबाईनं गुडघ्यांवरून चार शब्द ऐकवले ते ऐकून घेतले, आणि नातवाच्या वहीतली कोरी पानं फाडून हे लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. उशीर झाला म्हणावं तर एवढ्या उशिराला उशीर तरी कसं म्हणायचं? पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती राहिली असंही नाही, मी ती ठेवली. आणि आता वयाच्या या टोकाला ती माझ्याच्यानं उचलवत नाही.

गिरणीच्या क्लबात तुम्ही मार्कर होता. हल्ली कुणाला हा शब्द कळत नाही. मी सांगतो की साहेब लोकांना खेळायला जोडीदार नसला की त्यांच्याशी खेळणारा पगारी माणूस, तर ऐकणारा म्हणतो, "म्हणजे कोच." मी पूर्वी मान हलवायचो, आता नाही हलवत. तुम्ही कोच नव्हता. कोच शिकवतो. मार्करचं काम वेगळं. साहेबाचा फटका चांगला बसेल असा चेंडू त्याला द्यायचा, त्याला पळवायचं पण दमवायचं नाही, आणि सहा-चार असं हरायचं की साहेबाला रात्री जेवण गोड लागावं. ते तुम्हाला इतकं साधलेलं होतं की तुम्ही मुद्दाम हरता हे मला स्वतःला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. सकाळी मातीत शेण कालवून गोणपाटानं अख्खं कोर्ट सारवायचं, दुपारी ते वाळलं की सुतळी ताणून चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारायच्या, पाच वाजता पांढरे बूट घालून उभं राहायचं. बूट फक्त खेळताना. एरवी कोर्टावर अनवाणी, कारण बूट क्लबाचे होते. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या, त्यांच्यावर साहेब लोक आणि त्यांच्या बायका बसायच्या. तुमचा चहा मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या पायरीवर. तुमचा ग्लास खिडकीत वेगळा पालथा घातलेला असायचा, आणि तो तुम्हीच विसळून ठेवायचा. या सगळ्याचं तुम्हाला काही वाटायचं की नाही ते मला माहीत नाही. मला वाटायचं. तुम्ही साहेबांना "गुड शॉट सर" म्हणायचात ना, त्या तीन शब्दांनी माझ्या अंगाची लाही व्हायची.

त्या दिवसाचं मी कधी बोललो नाही तुमच्याशी. मी पंधरा वर्षांचा. साहेब लोक यायच्या आधी तासभर मला कोर्टावर खेळू द्यायची परवानगी तुम्ही मिळवली होती, कशी मिळवली ते मी विचारलंही नव्हतं. मोठ्या साहेबांचा मुलगा सुटीत इंदूरहून आलेला. त्याच्याशी मॅच लागली, तुम्ही नेटपाशी अनवाणी उभे, पंच. मी पुढे होतो. त्याचा एक चेंडू बाहेर पडला. थोडाथोडका नाही, चांगला चार बोटं बाहेर, आणि सारवलेल्या कोर्टावर चेंडूचा वण उठतो तसा लख्ख उठला. मी "आउट" म्हणालो. त्यानं रॅकेट आपटली. "अंदर था!" मी म्हणालो, या, वण बघा. तो नेटकडून यायला निघाला, आणि त्याच्या आधी तुम्ही चालत गेलात, वणावर पाय ठेवलात आणि टाचेनं तो घासून टाकलात. "बॉल अंदर था, छोटे साहब. पॉइंट आपका." मला आजही ती टाच दिसते, भेगा पडलेली. त्यानंतर मी सगळे गेम हरलो, रागानं हरलो. घरी आल्यावर रॅकेट कोपऱ्यात फेकली. तुम्ही जेवत होता. मी म्हणालो, "तुम्ही पाह्यलं होतं. बाहेर होता." तुम्ही घास चावून गिळलात आणि म्हणालात, "खेळामधी शंका आली की पॉइंट समोरच्याले द्यायचा."

"मले शंका नव्हती."

"मले होती," तुम्ही म्हणालात. "अन् रॅकेट फेकायची नाही. उचल."

मी उचलली, पण तुमच्याशी चार दिवस बोललो नाही. मनात एकच की हा माणूस नोकर आहे आणि मलाही नोकर करू पाहतो. तुमच्या गेल्यानंतर आईनं सांगितलं की मोठ्या साहेबांनी परवानगी देताना बजावलं होतं, तुझ्या पोरानं बरोबरी केलेली दिसली तर उद्यापासून कोर्ट बंद. तुम्ही वण पुसलात तो माझं कोर्ट राहावं म्हणून. हे त्याच रात्री मला सांगितलं असतं तर? पण सांगणारे तुम्ही नव्हताच, आणि ऐकणारा मीही नव्हतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कागदाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला तो अमेरिकन इंजिनिअर आला, संध्याकाळी क्लबात खेळायला यायला लागला, आणि एक दिवस तुम्ही ताप आला म्हणून मला पाठवलंत. ताप आला नव्हता हे मला नंतर कळलं. त्यानं आपल्या जुन्या कॉलेजला पत्र लिहिलं, आणि दोन वर्षांनी मी विमानात बसलो. फी माफ, राहणं-जेवण माफ, बदल्यात कॉलेजच्या संघात टेनिस खेळायचं. तुम्ही स्टेशनवर गाडी हलायच्या वेळी एवढंच म्हणालात, "शंकेचा पॉइंट देत जा. बाकी तुले मालूम आहे." मला तेव्हाही राग आला. सातासमुद्रापार निघालो होतो आणि तुम्हाला तेवढंच सुचलं.

गंमत बघा, त्या वाक्यानंच तिथं माझं नाव झालं. कॉलेजच्या सामन्यांत पंच नसतो नाना, आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते आपणच सांगायचं. आणि कोर्ट सिमेंटचं, त्यावर वण उठत नाही. माणसाचा शब्द हाच वण. तुमच्यावर चिडून का होईना, पण अंगवळणी पडलेलं जात नाही, मी प्रत्येक शंकेचा पॉइंट समोरच्याला द्यायचो. आमचा कोच डोक्याला हात लावायचा. पण बाहेरच्या संघांत बोललं जायचं, की त्या हिंदुस्थानी मुलानं आउट म्हटलं की आउट. पहिली दोन वर्षं मी तिसऱ्या-चौथ्या नंबरवर खेळलो. मग खांदा दुखावला आणि घसरत सहाव्यावर आलो. संघात सहाच खेळतात. सातवा झालो की शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी मिळणार नाही, हे कोचनं मला शांतपणे, खांद्यावर हात ठेवून सांगितलं.

त्या वर्षी सातवा नवा आला होता. काळा मुलगा. ते दक्षिणेकडचं गाव, आणि आमच्या कॉलेजात काळ्या मुलांना घ्यायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. टेनिसच्या कोर्टावर तर तो पहिलाच. कायदा झाला होता, 'फक्त गोऱ्यांसाठी'च्या सगळ्या पाट्या उतरल्या होत्या, पण माणसं उतरली नव्हती. बाहेरगावी सामन्याला गेलो की हॉटेलवाला दारात उभा राहून आमच्याकडे बघायचा. माझ्यावर नजर थांबायची. कोच म्हणायचा, "हा इंडियाचा आहे," आणि मला आत घ्यायचे. त्या मुलाच्या वेळी मात्र टेबलं भरलेली असायची. कोच त्याचं जेवण कागदी पिशवीत बांधून घ्यायचा आणि तो गाडीत बसून खायचा. नाना, मी आत बसून जेवलो. एकदा नाही, प्रत्येक वेळी. खिडकीतून गाडी दिसायची, तिच्यात त्याचं डोकं दिसायचं. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेला माणूस मी लहानपणापासून रोज बघत आलो होतो, मला वेगळं कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी मी उठून गाडीत जाऊन बसलो नाही. उठलो आणि मलाही उद्यापासून आत घेतलं नाही तर, या भीतीनं बसून राहिलो, आणि वर मिठाची बाटली मागून घेतली.

त्याच्याबरोबर सरावाला कुणी उभं राहत नसे. म्हणून मी सकाळी जायचो, इतरांच्या आधी. ते पुण्य म्हणून लिहीत नाही, हॉटेलात जे करत नव्हतो त्याची भरपाई म्हणून जायचो. त्याचा बॅकहँड कच्चा होता. मी महिनोन्‌महिने त्याच्या बॅकहँडला चेंडू दिले, कमरेइतके, सारख्या वेगाचे, तुम्ही साहेबांना द्यायचात तसे. एकदा तो नेटपाशी येऊन म्हणाला, "असा चेंडू मला आयुष्यात कुणी दिला नाही. कुणी शिकवलं तुला?" मी म्हणालो, माझे वडील कोच आहेत, मोठ्या क्लबात. तो म्हणाला, "माझे वडील रेल्वेत सामान उचलतात," आणि हसला. तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. किती सोपं होतं ते.

वसंतात त्यानं मला आव्हान दिलं. नियमच होता तसा, सातव्यानं सहाव्याशी खेळायचं, जिंकेल तो सहावा. आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "राग नको धरू, मला दुसरा रस्ता नाही." मी म्हणालो, कसला राग. तीन सेट झाले. माझा खांदा ठणकत होता आणि त्याचा बॅकहँड, मीच घडवलेला, सारखा रेघेच्या आत येऊन पडत होता. तिसऱ्या सेटमध्ये तो पाच-चार पुढे, माझी सर्व्हिस, आणि तीस-चाळीस. त्याला मॅच पॉइंट. मी नेटवर धावलो आणि त्यानं बॅकहँड सरळ रेघेवरून मारला. मी वळून पाहिलं. चेंडू रेघेच्या अगदी जवळ पडला, आत की बाहेर सांगणं कठीण होतं, उन्हात रेघ चमकत होती, मी पळत होतो, आणि माझ्या तोंडून "आउट" गेलं.

इथपर्यंत लिहून मी उठलो. पाणी प्यायलो, पंखा उगाच बंद करून पुन्हा लावला. वर लिहिलं आहे ते खोटं आहे, नाना. म्हाताऱ्या माणसानं मेलेल्या बापाला लिहितानाही खोटं लिहावं, याला काय म्हणायचं? सांगणं मुळीच कठीण नव्हतं. चेंडू रेघेवर पडला, म्हणजे आत. पूर्ण रेघेवर. फक्कीची रेघ असती तर पांढरी धूळ उडाली असती इतका मधोमध. मला शंका नव्हती.

तो नेटपाशी आला. तिथली पद्धत आहे, समोरच्यावर आरोप करायचा नाही, फक्त विचारायचं. त्यानं विचारलं, "नक्की?"

मी म्हणालो, "नक्की."

जाळीपलीकडून कोच ओरडला, काय झालं? मी म्हणालो, आउट. आणि कोच त्या मुलाला म्हणाला, "हा म्हणाला म्हणजे आउटच असणार. हा पोरगा स्वतःचे पॉइंट वाटत फिरतो." त्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपल्याला कुणी खरं मानणार नाही हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं तो पाहतो तसं. तो मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ड्यूस." मग मी तो गेम घेतला, पुढचे दोनही घेतले. शेवटी हात मिळवताना त्याचा हात ओला होता, माझाही. तुम्ही आयुष्यभर दिलेले सगळे शंकेचे पॉइंट साठवून साठवून मी एका फटक्यात वठवले, आणि तेही कुणाकडून घेतले? त्या सगळ्या मैदानावर तुमच्या जागी उभा होता तो एकटाच. ज्यांनी तुम्हाला खुर्ची दिली नाही त्यांच्यापैकी कुणाकडून मी काही हिसकावून घेतलं असतं, तर मला आज झोप लागली असती.

सकाळी तो सरावाला यायचा थांबला. परीक्षा झाल्यावर एका जुन्या गाडीत सामान भरताना दिसला. त्याच्या घराजवळच्या, त्यांच्या लोकांच्या कॉलेजात चालला होता. मी जवळ गेलो. तो म्हणाला, "बॅकहँडबद्दल आभार." टोमणा होता की मनापासून होतं ते मला त्या वेळी कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी म्हणालो, पत्र लिही. पत्ता मात्र दिला नाही.

तुम्हाला मी लिहिलं, सहाव्या जागेसाठी मॅच होती, हरत आलेली जिंकलो, शिष्यवृत्ती राहिली. ते पत्र तुम्ही क्लबात घेऊन गेलात. हे आईनं मला सांगितलं, तुम्ही गेल्यावर, मी परत आलो तेव्हा. सेक्रेटरी साहेबांनी व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं, तुमच्याकडून ते पत्र वाचून घेतलं, हिंदीत सांगायला लावलं, आणि म्हणाले, "अरे खड़े क्यों हो, बैठो." तुम्ही नाही नाही म्हणत होतात, तर त्यांनी खांद्याला धरून बसवलं. क्लबाच्या कपात चहा दिला. आई म्हणाली, "घरी आले अन् चप्पल न काढता मधीच उभे राह्यले. म्हणे, आज खुर्चीवर बसलो. मी म्हटलं, मग? तं म्हणे, काही नाही, बसलो. अन् रडले." तेवीस वर्षं तुम्ही तिथं काम केलंत नाना, आणि त्या खुर्चीवर बसलात ते माझ्या त्या मॅचमुळे. आई हे हसत हसत सांगत होती आणि मी तिनं वाढलेली भाकरी कुस्करत बसलो होतो.

तुमचं त्यानंतरचं पत्र माझ्याकडे आहे. चार ओळी. आईचा दमा, अवकाळी पावसानं कोर्टाचा एक कोपरा खचला तो तुम्ही नीट केलात, आणि शेवटी, तुमच्या त्या सुटसुटीत अक्षरात, "शंकेचे पॉइंट देत असतोस ना?" का विचारलंत? माझ्या पत्रात काही दिसलं का तुम्हाला? तुम्ही हरण्यात इतके मुरलेले, कोण कसा जिंकला हे तुम्हाला लांबून वास आल्यासारखं कळत असेल. की नेहमीसारखंच विचारलंत? मी तीन दिवस ते पत्र खिशात घेऊन हिंडलो. मग नेहमीचं घडीचं हवाई पत्र नव्हे, चांगलं जाड पाकीट आणलं आणि लिहिलं, हो नाना, देत असतो. ते तुम्हाला मिळालं. आईनं सांगितलं की मिळालं, दोनदा वाचलंत आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलंत. त्यानंतर दीड महिन्यानं दुपारी कोर्टावर सुतळी ताणताना तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. तार मला आठ दिवसांनी मिळाली. माझ्या परीक्षा होत्या, येण्याचे पैसेही नव्हते, आणि खरं सांगायचं तर तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, मग ते तोंड मिटलेलं का असेना.

मी परत आल्यावर टेनिस खेळलो नाही. लोक विचारायचे तेव्हा खांदा पुढे करायचो. बँकेत नोकरी केली, मुलं वाढवली, चांगला माणूस म्हणून गावात ओळख आहे. कुणाचं भांडण मिटवायचं असलं की मला बोलावतात, हा कुणाची बाजू घेणार नाही म्हणून. मी जातो, दोन्हीकडचं ऐकून घेतो, आणि ज्याची बाजू कमजोर त्याच्या पदरात थोडं जास्त टाकून येतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही हे मलाही कळतं. वहीत घालून ठेवीन, नातू कधीतरी रद्दीत देईल. पण उठण्याआधी एक सांगतो. त्या कॉलेजकडून दरवर्षी जुन्या विद्यार्थ्यांची यादी येते. त्यात एकच वर्ष शिकलेल्यांचीही नावं असतात. तो शाळामास्तर झाला, मुलांना टेनिस शिकवायचा, आता निवृत्त आहे. खाली घराचा पत्ता आहे, या वर्षीच्या यादीतही आहे. त्याला लिहायला मी कितीदा बसलो, आणि आजही खरं म्हणजे त्यालाच लिहायला बसलो होतो. तुम्ही उत्तर देणार नाही, तो देईल. म्हणून तुम्हाला लिहिलं, नाना.